चिठ्ठीने सोडवलेले कोडे

लंबकाचा प्रयोग तुम्ही केलाच असेल. दोऱ्याची लांबी बदलताना गोळा मात्र तोच ठेवायचा, असे गुरुजी बजावतात. एका वेळी एकच गोष्ट बदलली, तरच कशाचा परिणाम कोणता ते कळते. पण रोगी म्हणजे लंबक नव्हे. दोन रोगी अगदी सारखे कधीच नसतात. मग दोन उपचारांपैकी चांगला कोणता, हे ठरवायचे कसे?

स्तनाच्या कर्करोगाबाबत हाच प्रश्न उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील बाल्टिमोरचे शस्त्रवैद्य विल्यम हॉलस्टेड यांनी एक शस्त्रक्रिया रूढ केली. कर्करोग गाठीपासून हळूहळू आजूबाजूला पसरतो, म्हणून जेवढे अधिक कापावे तेवढे बरे, असा त्यामागचा विचार. संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथी असे सारेच काढले जाई. छाती खोलगट होई. पुष्कळ स्त्रियांचा हात सुजे. तरीही सुमारे पाऊणशे वर्षे हीच रीत चालली.

पिट्सबर्गचे शस्त्रवैद्य बर्नार्ड फिशर (१९१८–२०१९) यांना शंका आली. कर्कपेशी लसिकाग्रंथींतून पार जातात, हे त्यांना प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले. त्या रक्तातूनही दूरवर पोहोचत असतील, तर नुसते अधिक कापून काय साधणार?

याचे उत्तर प्रयोगानेच मिळणार होते. पण निवड डॉक्टरांनी केली, तर लहान गाठ असलेल्यांवरच छोटी शस्त्रक्रिया होणार आणि ती उगाचच सरस ठरणार! म्हणून कोणाला कोणता उपचार, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले गेले. चिठ्ठी वय पाहत नाही, गाठीचा आकार पाहत नाही. रोगी शेकड्यांनी असले, की असे फरक सर्व गटांत जवळजवळ सारखे वाटले जातात.

१९७१ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत हॉलस्टेड यांच्या शस्त्रक्रियेची तुलना केवळ स्तन काढण्याशी झाली; काहींना जोडीला किरणोपचारही दिले होते. पंचवीस वर्षांनंतरही जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. १९७६ मध्ये फिशर आणखी पुढे गेले. गाठ ४ सेंटिमीटरपर्यंत असलेल्या स्त्रियांचे तीन गट केले : पूर्ण स्तन काढलेला, फक्त गाठ काढलेला, आणि गाठ काढून किरणोपचार दिलेला. काखेतील ग्रंथी सर्वांच्याच काढल्या. १,८५१ स्त्रियांचा वीस वर्षांचा निकाल २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जगण्याचे प्रमाण तिन्ही गटांत सारखेच होते! मात्र त्याच स्तनात रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण किरणोपचारांविना सुमारे ३९ टक्के, तर किरणोपचारांसह सुमारे १४ टक्के होते.

म्हणूनच आज रोग लवकर ध्यानात आला, तर पुष्कळ स्त्रियांचा स्तन वाचवता येतो. काहींना मात्र तो काढावाच लागतो.

तुम्हीही एक प्रयोग करा. वर्गातील पुढचे बाक आणि मागचे बाक असे दोन गट पाडून त्यांची सरासरी उंची काढा. मग चिठ्ठ्या टाकून गट पाडा आणि पुन्हा मोजा. कोणत्या वेळी सरासऱ्या जवळ आल्या? चिठ्ठीचे महत्त्व तुम्हांला तेथेच कळेल. आणि स्वतःच्या आयुष्याचा प्रश्न असताना ती चिठ्ठी मान्य करणाऱ्या स्त्रियांचे धैर्यही!