मासळीतील पारा आणि सुरक्षिततेची मर्यादा

कोकण किनाऱ्यावरील जनतेच्या आहारात मासळी हा प्रथिनांचा प्रमुख आधार आहे. तथापि, दूषित पाण्यातील पारा मासळीवाटे माणसापर्यंत पोहोचतो, हे जपानमधील मिनामाता येथील दुर्घटनेने जगाच्या निदर्शनास आणले. रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातील मिथिल पाऱ्यामुळे झालेला तेथील मज्जाविकार १९५६ मध्ये उघडकीस आला. गर्भातील बालकांनाही त्याची बाधा झाली.

निसर्गातही सूक्ष्म जिवाणू पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. लहान मासे मोठ्यांचे भक्ष्य होत असल्याने त्याचे प्रमाण पायरीपायरीने वाढते. म्हणूनच तारली, बांगडा यांत तो सामान्यतः कमी, तर मुशीसारख्या शिकारी माशांत अधिक आढळतो.

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे आठवड्यास १.६ मायक्रोग्रॅम मिथिल पारा ही मर्यादा ठरविली. त्यानुसार ५० किलोग्रॅम वजनाच्या स्त्रीस आठवड्यास ८० मायक्रोग्रॅम चालू शकतो. मासळीत किलोमागे अर्धा मिलिग्रॅम मिथिल पारा असल्यास अवघ्या १६० ग्रॅममध्ये ही मर्यादा गाठली जाते. अनेक देशांत साधारण मासळीसाठी एकूण पाऱ्याचे एवढेच प्रमाण विक्रीस ग्राह्य धरतात आणि माशाच्या मांसातील बहुतेक पारा मिथिल पाराच असतो. अर्थात, बाजारात विक्रीयोग्य ठरलेली मासळी रोज खाणाऱ्या कुटुंबास सुरक्षित असेलच असे नाही.

परदेशी मार्गदर्शक याद्याही जशाच्या तशा उपयोगी पडत नाहीत. अमेरिकेत गर्भवतींना वर्ज्य सांगितलेला ‘किंग मॅकरेल’ आणि आपली सुरमई हे एकाच कुळातील असले, तरी भिन्न जातींचे मासे आहेत. शिवाय पारा मांसातील प्रथिनांशी बांधलेला असल्याने साल काढून, धुऊन वा शिजवून तो जात नाही. चरबीत साठणाऱ्या काही प्रदूषकांबाबत मात्र साल व चरबी काढण्याचा उपयोग होतो. एका दोषावरील उपाय दुसऱ्यास लागू पडत नाही, तो असा.

याचा अर्थ मासळी वर्ज्य करावी असा नव्हे. गर्भाच्या मेंदूच्या वाढीस मासळीतील स्निग्धाम्ले उपकारक असतात. अमेरिकी शासनही गर्भवतींना कमी पाऱ्याची मासळी आठवड्यास सुमारे २२५ ते ३४० ग्रॅम खाण्याचा सल्ला देते. गर्भवती, स्तनदा माता व बालके यांनी लहान मासळीस प्राधान्य द्यावे, मोठे शिकारी मासे टाळावेत आणि एकाच जातीवर विसंबू नये. मात्र, ग्राहकाने कितीही दक्षता घेतली, तरी खाडीत सोडले जाणारे दूषित सांडपाणी रोखणे हाच खरा उपाय होय.