शेरलॉक होम्सच्या जनकाची खरीखुरी केस

मित्रमैत्रिणींनो, शेरलॉक होम्स तुम्हांला ठाऊक असेलच. बुटाला लागलेल्या चिखलावरून माणूस कुठून आला ते सांगणारा, टोपी बघून तिच्या मालकाचं घर कसं असेल ते ओळखणारा तो इंग्लंडमधला डिटेक्टिव्ह! पण होम्स हा गोष्टीतला माणूस. त्याला जन्म दिला आर्थर कॉनन डॉईल या लेखकानं. या डॉईलसाहेबांना एकदा स्वतःच डिटेक्टिव्ह व्हावं लागलं. गोष्टीत नव्हे, खरोखरीच! एक निरपराध तरुण खोट्या आरोपांमुळे तुरुंगात जाऊन आला होता आणि नवल म्हणजे त्याचं नातं आपल्या मुंबईशी होतं.

चला तर, सव्वाशे वर्षं मागे जाऊ या.

पाद्रीबाबांचा मुलगा

शापुरजी एडलजी हे मुंबईत पारशी कुटुंबात जन्मले. पुढे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ते इंग्लंडला गेले आणि स्टॅफर्डशायर परगण्यातल्या ग्रेट वर्ली या गावच्या चर्चचे पाद्री झाले. पत्नी शार्लट इंग्रज. त्यांचा थोरला मुलगा जॉर्ज. त्याचा जन्म १८७६ चा.

ग्रेट वर्ली म्हणजे शेतकऱ्यांचं आणि कोळशाच्या खाणीत राबणाऱ्यांचं गाव. तिथल्या चर्चमध्ये सावळ्या रंगाचा, परक्या नावाचा पाद्री! काही लोकांच्या हे डोळ्यांत खुपत होतं.

जॉर्ज बुजरा, अभ्यासू. दारू नाही, विडीकाडी नाही. तो वकिलीची परीक्षा पास झाला आणि रोज आगगाडीनं बर्मिंगहॅमला आपल्या ऑफिसात जाऊ लागला. रेल्वेच्या प्रवाशांना कायदा कळावा म्हणून त्यानं १९०१ मध्ये एक छोटं पुस्तकसुद्धा लिहिलं. असा हा सरळमार्गी माणूस!

निनावी पत्रं

पण या घराच्या मागे एक भुंगा लागला होता. १८८८ मध्ये घरी निनावी पत्रं येऊ लागली. नंतर काही काळ शांतता. मग १८९२ ते १८९५ अशी तीन वर्षं पुन्हा तेच. पत्रांत शिव्या आणि धमक्या. पाद्रीबाबांच्या नावानं वर्तमानपत्रांत खोट्या जाहिराती छापून यायच्या. कधी न मागवलेला माल दारात येऊन पडायचा. एकदा तर दाराच्या पायरीवर एक भली मोठी किल्ली सापडली. ती निघाली वॉल्सॉल गावच्या शाळेची! जॉर्ज तर त्या शाळेत कधी शिकलाही नव्हता.

खरं म्हणजे हा त्रास कोणाला होत होता? एडलजींना. पण जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखांनी, कॅप्टन अॅन्सन यांनी, संशय घेतला तो सोळा वर्षांच्या जॉर्जवरच! किल्लीबद्दल आपल्याला काही माहीत नाही असं मुलानं कितीही सांगितलं, तरी आपण ते खरं मानणार नाही, असं त्यांनी वडिलांना पत्रानं कळवून टाकलं.

हे वाक्य लक्षात ठेवा हं. उत्तर ऐकण्याआधीच ते खोटं ठरलं होतं.

अंधारातला सुरीवाला

१९०३ साल उजाडलं. फेब्रुवारी महिन्यापासून ग्रेट वर्लीच्या आसपास रात्रीच्या अंधारात कोणीतरी घोडे, गाई, मेंढ्या यांच्या पोटावर धारदार शस्त्रानं वार करू लागलं. बिचारी मुकी जनावरं! गाव हादरलं. पोलीस रात्रीचे पहारे देऊ लागले, पण गुन्हेगार काही सापडेना.

तेवढ्यात पुन्हा निनावी पत्रं आली, या वेळी पोलिसांकडे. त्यांत जनावरं मारणाऱ्या टोळीतल्या लोकांची नावं होती आणि एक नाव होतं जॉर्ज एडलजी.

१८ ऑगस्टच्या सकाळी खाणीजवळच्या शेतात एक तट्टू जखमी अवस्थेत सापडलं. जॉर्ज नेहमीप्रमाणे गाडीनं बर्मिंगहॅमला गेला होता. पोलीस तडक पाद्रीबाबांच्या घरी आले, त्याचा कोट आणि बूट घेऊन गेले आणि त्याला ऑफिसातून पकडून आणलं.

पुरावा तपासू या

आता तुम्ही सगळे न्यायाधीश व्हा. पोलिसांकडे काय काय होतं ते बघू.

*कोटावरचे केस.* पोलीस म्हणाले, कोटावर घोड्याचे केस आहेत. घरच्या मंडळींनी सकाळी कोट निरखून पाहिला होता. त्यांचं म्हणणं, केस नव्हतेच. संध्याकाळी पोलिसांच्या डॉक्टरांना मात्र कोटावर २९ केस सापडले. पण गंमत अशी, की मधल्या वेळात त्या तट्टाच्या कातड्याचा एक तुकडाही पोलिसांनी कापून घेतला होता आणि तोही त्याच डॉक्टरांकडे गेला होता!

*बुटाचे ठसे.* शेताकडच्या वाटेवर दिवसभर माणसांची वर्दळ झाली होती. अशा ठिकाणी जॉर्जचा बूट चिखलात दाबून, 'ठसा जुळतो' असं पोलिसांनी ठरवलं. ना त्या ठशाचा साचा घेतला, ना फोटो काढला.

*वेळ.* आधी पोलिसांचं म्हणणं होतं, की गुन्हा संध्याकाळी झाला. पण जखमा ताज्या, म्हणजे मध्यरात्रीनंतरच्या आहेत, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. मग वेळ बदलून पहाटेची झाली. आरोपी मात्र बदलला नाही! पहाटे जॉर्ज कुठे होता? वडिलांच्याच खोलीत, आतून कुलूप लावलेल्या दाराआड. वडिलांनी कोर्टात तशी साक्ष दिली, पण बापाची साक्ष कोण मानणार?

*हस्ताक्षर.* ती निनावी पत्रं जॉर्जनंच लिहिली, असं एका हस्ताक्षरतज्ज्ञानं शपथेवर सांगितलं. म्हणजे स्वतःवरच आरोप करणारी पत्रं स्वतःच लिहायची! याच तज्ज्ञानं १८९६ मध्ये अॅडॉल्फ बेक नावाच्या माणसाविरुद्धही अशीच साक्ष दिली होती. बेक निर्दोष होता हे १९०४ मध्ये उघड झालं आणि तज्ज्ञाला आपली चूक कबूल करावी लागली. पण तोवर जॉर्जचा निकाल लागून गेला होता.

२३ ऑक्टोबर १९०३ रोजी ज्यूरीनं, म्हणजे गावातल्या नागरिकांतून निवडलेल्या पंचांनी, जॉर्जला दोषी ठरवलं. शिक्षा झाली सात वर्षं सक्तमजुरीची. वकिलाची सनद गेली. वय अवघं सत्तावीस.

आणि काय सांगावं, जॉर्ज कोठडीत असतानाही जनावरांवर वार होतच राहिले. मग गुन्हेगार बाहेर मोकळा आहे, असं कोणाच्या मनात यायला हवं होतं की नाही? पण पोलीस म्हणाले, हे त्याच्या टोळीचं काम.

हॉटेलात भेटलेला माणूस

काही लोकांना मात्र हा निकाल पटला नाही. जॉर्जच्या सुटकेसाठी दहा हजार लोकांनी अर्जावर सह्या केल्या. त्यांत कित्येक वकील होते. सरकारनं ऑक्टोबर १९०६ मध्ये, तीन वर्षांनी, त्याला गुपचूप सोडून दिलं. निर्दोष म्हटलं नाही, माफी मागितली नाही, का सोडलं तेही सांगितलं नाही. घरी आला, पण कपाळावरचा गुन्हेगाराचा शिक्का तसाच. सनद नाही, म्हणजे पोटापाण्याचा धंदाही नाही. शेवटी त्यानं डॉईल यांना पत्र लिहिलं.

जानेवारी १९०७. लंडनमधल्या एका हॉटेलात दोघांची भेट ठरली. डॉईल यांना पोहोचायला थोडा उशीर झाला. जॉर्ज वर्तमानपत्र वाचत बसला होता. डॉईल लांबूनच बघत उभे राहिले. जॉर्जनं पेपर अगदी डोळ्यांजवळ धरला होता, तोही किंचित तिरका!

डॉईल हे लेखक होण्याआधी डॉक्टर होते. डोळ्यांच्या रोगांचा त्यांनी खास अभ्यास केला होता. त्यांनी ओळखलं, या माणसाला लांबचं धड दिसत नाही. मग तज्ज्ञाकडून रीतसर तपासणी करून घेतली. आकडा निघाला उणे आठ! शिवाय दृष्टिदोष आणखीही होता.

आता विचार करा. पावसाळी काळोखी रात्र, हातात दिवा नाही. रेल्वेचे रूळ ओलांडायचे, कुंपणांतून वाट काढायची, जनावर शोधून वार करायचा आणि पहाऱ्यावरच्या पोलिसांना चुकवून परत यायचं. दिवसा पेपर नाकाला लावणाऱ्या माणसाला हे जमेल?

जॉर्जचे डोळे काही लपलेले नव्हते. पोलिसांना, साक्षीदारांना, ज्यूरीला तो रोज समोर दिसत होता. पण त्याच्याकडे नीट बघितलं कोणी?

अर्धाच न्याय

डॉईल स्वतः ग्रेट वर्लीला गेले, जागा पाहिल्या, कागद वाचले आणि 'डेली टेलिग्राफ' या वर्तमानपत्रात ११ आणि १२ जानेवारी १९०७ ला लेख लिहिले. हा मजकूर कोणीही फुकट छापावा, अशी मुभाही देऊन टाकली. देशभर खळबळ उडाली! सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

मे महिन्यात निकाल आला. जनावरांवर वार जॉर्जनं केले नाहीत, हे मान्य झालं. पण निनावी पत्रं त्यानंच लिहिली आणि आपली आपत्ती ओढवून घेतली, असंही समितीनं म्हटलं. भरपाई एक पैसाही नाही! त्याच वर्षी सनद मात्र परत मिळाली. पुढे १९३४ मध्ये एका मजुरानं कोर्टात कबूल केलं, की त्या काळातली काही निनावी पत्रं आपण लिहिली होती. जॉर्ज तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता. १९५३ मध्ये तो वारला. जनावरांवर वार कोणी केले हे कायमचं गूढच राहिलं.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. तोपर्यंत इंग्लंडमध्ये अशा फौजदारी निकालाविरुद्ध दाद मागायला वरचं कोर्टच नव्हतं. बेक आणि एडलजी यांच्या प्रकरणांमुळे लोकांची मागणी वाढली आणि १९०७ मध्ये तसा कायदा झाला. आपल्याकडे सत्र न्यायालय, मग उच्च न्यायालय, मग सर्वोच्च न्यायालय अशा पायऱ्या आहेत, त्या याचसाठी. न्यायाधीश हाही माणूसच, तो चुकू शकतो.

आणि डॉईल? जॉर्जसाठी लढता लढता त्यांनी स्वतः गावातल्या दुसऱ्याच एका माणसावर बोट ठेवलं. त्या माणसाविरुद्धचा पुरावाही तोकडाच होता. इतक्या हुशार माणसालाही 'हाच तो' म्हणायची घाई झालीच!

आरोपी की गुन्हेगार?

वर्गात कंपासपेटी हरवली, की पहिलं नाव कोणाचं निघतं? बघा आठवून. बहुतेक वेळा ते नवीन आलेल्या मुलाचं असतं. नाहीतर ज्याची बोली वेगळी, कपडे जुने किंवा ज्याच्या नावावर मागची एखादी खोडी आहे, त्याचं. एकानं म्हटलं, की चार जण 'हो हो, मीपण बघितलं' म्हणतात. पोलिसांचं तरी दुसरं काय झालं? माणूस आधी ठरला, पुरावा मागाहून गोळा झाला.

आपल्या मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, आरोपी आणि गुन्हेगार. ज्याच्यावर आरोप आहे तो आरोपी. कोर्टात गुन्हा सिद्ध झाला तरच तो गुन्हेगार. पेपर वाचताना, बातम्या ऐकताना हा फरक जरूर बघत जा.

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. 'त्या वस्तीतली मुलं तसलीच' हे वाक्य मुलं घरात ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात वापरतात. आपल्या मुलावर आळ आला तर आपण आधी त्याचं म्हणणं ऐकून घेतो. तेवढंच दुसऱ्याच्या मुलालाही मिळायला हवं, नाही का?

करून पाहा

१. एक लोकरी स्वेटर आणि एक गडद रंगाचा स्वच्छ सुती रुमाल एकाच पिशवीत घालून पिशवी चांगली हलवा. मग भिंगातून रुमाल बघा. किती धागे सापडले ते मोजा. आता सांगा, रुमाल स्वेटर घालणाऱ्याच्या खिशात होता असं त्यावरून म्हणता येईल का?

२. पाच मित्रांना एकच वाक्य अक्षर बदलून लिहायला सांगा. चिठ्ठ्या मिसळा आणि कोणती कोणाची ते वर्गाला ओळखायला लावा. किती जणांची उत्तरं चुकली, ते फळ्यावर लिहून ठेवा.