कॉम्प्रेसर लहान, मग स्प्रे गन कोणती?

आपल्या समाजातील अनेक तरुण आज केवळ नोकरीची वाट न पाहता स्वतःचा व्यवसाय सुरू करीत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. लोखंडी कपाटे, खिडक्यांच्या जाळ्या, दुचाकीचे भाग यांना स्प्रेने रंग देणे हा त्यांपैकीच एक व्यवसाय. तो थोड्या भांडवलात घराच्या पडवीतही सुरू होतो. परंतु यंत्र घेताना एक चूक हमखास होते आणि तिचा भुर्दंड कर्ज काढून धंदा करणाऱ्याला सोसावा लागतो. म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्या वस्तीतील एका तरुणाने पतपेढीचे कर्ज काढून १ अश्वशक्तीचा, ५० लिटर टाकीचा कॉम्प्रेसर घेतला. गन मात्र दुकानदाराने दाखविली ती मोठी घेतली. पहिलेच काम मिळाले ते विहाराच्या ग्रंथालयातील कपाटाचे. एक दार छान झाले. दुसऱ्या दारावर रंगाचे जाड थेंब पडू लागले आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसू लागला. सगळा रंग घासून काढावा लागला. मजुरी गेली, थिनर गेला, आणि लोक म्हणाले, "याला काम येत नाही." वास्तविक दोष त्याच्या हाताचा नव्हता, हिशेबाचा होता.

आपण कॉम्प्रेसरचा दाब पाहतो, पण गनला दाबाबरोबर हवेचे प्रमाणही लागते. हे प्रमाण दर मिनिटाला किती घनफूट, म्हणजे सीएफएम, या मापात सांगतात. लहान पिस्टन कॉम्प्रेसर दर अश्वशक्तीला साधारण ३ ते ४ सीएफएम हवा देतो. यंत्रावरील पट्टीवर बहुधा याहून मोठा आकडा असतो. तो पिस्टनच्या आकारावरून काढलेला असतो. प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा, म्हणजे एफएडी, त्याहून बरीच कमी असते. खरेदी करताना हाच आकडा विचारावा.

आता या तरुणाचा हिशेब पाहू. त्याचा कॉम्प्रेसर ४ सीएफएम देत होता आणि गन ८ सीएफएम खात होती. मिनिटाला ४ घनफुटांची तूट टाकीतून भरून निघत होती. ५० लिटरची टाकी १०० पीएसआयवरून ६० पीएसआयवर येईपर्यंत सुमारे पावणेपाच घनफूट हवा देते. म्हणजे मोटर अखंड चालू असूनही सव्वा मिनिटाच्या आत दाब तिथवर उतरला. गन तशीच चालू ठेवली, तर पुढे तो गनला हवा तेवढाही उरत नाही. दाब पडला की रंगाचे बारीक तुषार होत नाहीत, थेंब होतात. टाकी मोठी घेतली तर हा वेळ वाढेल, पण तूट संपणार नाही.

म्हणून आधी गनची गरज पाहावी, मग कॉम्प्रेसर. गनच्या गरजेपेक्षा कॉम्प्रेसरची प्रत्यक्ष हवा निदान सव्वापट ते दीडपट असावी. कॉम्प्रेसर आधीच घेतला असेल, तर त्याला पेलेल अशी गन घ्यावी :

१) एअरब्रश : १ सीएफएमपेक्षाही कमी हवा लागते. नक्षी आणि अक्षरांसाठी.

२) लहान टच-अप गन, नोझल ०.८ ते १ मि.मी. : साधारण २ ते ४ सीएफएम. जाळ्या आणि सुट्या भागांसाठी.

३) एलव्हीएलपी गन, नोझल १.३ मि.मी. : साधारण ३ ते ५ सीएफएम. २ अश्वशक्तीच्या कॉम्प्रेसरवर कपाटाचे काम होते.

४) एचव्हीएलपी गन : दाब कमी, पण हवा भरपूर. बहुतेक मोठ्या गनला १० सीएफएमहून अधिक लागते. घरगुती कॉम्प्रेसरवर ही घेऊ नये. नाव सारखे वाटते म्हणून फसू नये.

आणखी काही गोष्टी. रेग्युलेटरचा दाब गनचा घोडा दाबून, हवा वाहत असतानाच लावावा. घोडा सोडलेला असताना काटा जास्त दाखवितो. नळी आतून ८ मि.मी. आणि शक्य तितकी आखूड असावी. टाकीतील पाणी रोज काढावे आणि गनच्या आधी पाणी अडविणारा फिल्टर लावावा. पावसाळ्यात याकडे दुर्लक्ष केले की रंगावर फोड येतात. लॅकर तर दमट हवेनेच पांढरा पडतो. घट्ट रंग लहान नोझलमधून जबरदस्तीने काढण्यापेक्षा योग्य थिनरने बेताचा पातळ करावा.

आरोग्याच्या बाबतीत काटकसर करू नये. तोंडाला बांधलेला रुमाल थिनरची वाफ अडवीत नाही. त्यासाठी कोळशाच्या फिल्टरचा मास्क लागतो. जवळ शेगडी, दिवा, विडी काहीही पेटते नसावे. हार्डनर मिसळून वापरायच्या पीयू रंगात आयसोसायनेट असते. त्याने कायमचा दमा जडू शकतो. असा रंग घरात मारूच नये.

आमच्या त्या तरुणाने मोठी गन विकली, एलव्हीएलपी गन घेतली आणि कपाटाची एकेक बाजू मारून टाकी भरेपर्यंत थांबण्याची शिस्त लावून घेतली. तेच कपाट त्याने पुन्हा रंगविले. आज त्यात ग्रंथ आहेत.

सम्यक आजीविका हे अष्टांगिक मार्गाचे एक अंग आहे. प्रामाणिक कष्टाला अचूक ज्ञानाची जोड मिळाली, तर आपल्या मुलांचे कर्जही फिटेल आणि कामाला मानही मिळेल. जयभीम!