प्लेअर म्हणतो ‘नो फाइल’, पण गाणी गेलेली नसतात! ‘फॉरमॅट’ करण्याआधी काय कराल?

नवी मुंबई : छोटा म्युझिक प्लेअर, पेनड्राइव्हवर चालणारा रेडिओ किंवा मेमरी कार्डचा स्पीकर काल रात्रीपर्यंत छान वाजत होता. आज सकाळी त्याच्या पडद्यावर ‘नो फाइल’ किंवा ‘एरर’ एवढेच दिसते. कार्ड मोबाइल दुकानात नेले, की ‘फॉरमॅट मारून देतो, गाणी परत भरून घ्या’ असे उत्तर मिळते. बाजारात मिळणारी गाणी परत भरता येतात. पण शिरवण्यासारख्या आगरी-कोळी गावठाणात अशा कार्डांवर केवळ सिनेमाची गाणी नसतात. घरच्या लग्नात धवलारणीने म्हटलेले धवले, गावच्या भजनी मंडळाचे रेकॉर्डिंग, जुन्या कॅसेटवरून उतरवलेला आजीचा आवाज असे बरेच काही त्यावर असू शकते. ते कोणत्याही अ‍ॅपवर मिळत नाही. म्हणूनच ‘फॉरमॅट’ला होकार देण्याआधी नेमके काय बिघडले आहे, हे समजून घेणे गरजेचे ठरते.

गाणी दिसत नाहीत, म्हणजे पुसली गेली का?

बहुतेक वेळा नाही. मेमरी कार्डवर दोन गोष्टी असतात : प्रत्यक्ष गाणी आणि ती कुठे ठेवली आहेत याची नोंदवही. या नोंदवहीची सर्वाधिक चालणारी पद्धत म्हणजे ‘फॅट’, अर्थात फाइल अ‍ॅलोकेशन टेबल. तिची ‘फॅट३२’ ही आवृत्ती १९९६ मध्ये आली आणि आजही बहुतेक साधे प्लेअर तीच वाचतात.

सोपे उदाहरण द्यायचे तर गाणे म्हणजे जमीन आणि फॅट म्हणजे तलाठ्याचे दप्तर. दप्तर भिजले म्हणून जमीन वाहून जात नाही, फक्त कोणता तुकडा कुणाचा हे सांगता येत नाही. गाणे वाजत असताना कार्ड उपसणे, कॉपी सुरू असताना पेनड्राइव्ह ओढून काढणे किंवा नोंद लिहिली जात असतानाच बॅटरी संपणे यामुळे हे दप्तर बिघडते. प्लेअरला नोंद सापडत नाही आणि तो ‘नो फाइल’ म्हणून मोकळा होतो.

मात्र, याच अवस्थेत कार्डावर नवी गाणी भरली, तर ती ‘मोकळ्या’ दिसणाऱ्या जागेवर, म्हणजे जुन्या गाण्यांच्या डोक्यावर लिहिली जातात. खरे नुकसान इथे होते. त्यामुळे पहिला नियम असा : गडबड दिसताच कार्ड बाहेर काढा आणि त्यावर नवे काहीही लिहू नका.

मग सर्वात आधी काय तपासायचे?

कार्ड किंवा पेनड्राइव्ह संगणकाला जोडा. संगणक नसेल तर पेनड्राइव्ह किंवा कार्ड रीडर ओटीजी केबलने मोबाइललाही जोडता येतो. विंडोज ‘स्कॅन अँड फिक्स’ किंवा ‘फॉरमॅट’ असे विचारत असेल, तर सध्या दोन्हीला नकार द्या. पुढे तीन शक्यता असतात :

- फाइल दिसतात आणि संगणकावर वाजतात : कार्ड ठीक आहे. अडचण फाइलच्या प्रकारात, नावात किंवा फोल्डरच्या रचनेत आहे. तरीही आधी सगळ्या फाइल संगणकावर कॉपी करा.
- कार्ड रिकामे किंवा विचित्र दिसते, पण ‘वापरलेली जागा’ काही जीबी आहे : फाइल लपलेल्या असू शकतात.
- कार्ड उघडतच नाही : नोंदवही बिघडली आहे किंवा कार्डच खराब झाले आहे. दुसरा रीडर वापरून पाहा. कार्डाचे सोनेरी टोक कोरड्या, मऊ कापडाने पुसा.

फाइल ‘लपतात’ म्हणजे काय?

झेरॉक्सच्या दुकानात किंवा सायबर कॅफेत पेनड्राइव्ह लावून आणल्यावर प्रत्येक फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसू लागतो, हा अनुभव अनेकांना आहे. हा एक जुना आणि चिवट व्हायरस आहे. तो मूळ फोल्डर ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ अशी खूण करून लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढे ठेवतो. प्लेअरला शॉर्टकट कळत नाही आणि लपलेले फोल्डर काही प्लेअर वाचत नाहीत.

अशा वेळी शॉर्टकटवर क्लिक करू नका. फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’वर खूण करा. तरीही काही दिसत नसेल, तर फोल्डर ऑप्शन्समधील ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’वरील खूण काढा. मूळ फोल्डर, कधी कधी बिननावाच्या फोल्डरमध्ये दडवलेला, समोर येतो. त्यातील फक्त गाण्यांच्या फाइल संगणकावर घ्या आणि अँटिव्हायरसने तपासा. त्यानंतरच पेनड्राइव्ह फॉरमॅट करायला हरकत नाही.

फाइल आहे, संगणकावर वाजते, पण प्लेअर वाजवत नाही. असे का?

साध्या प्लेअरला मोजकेच प्रकार कळतात. एमपी३ जवळपास सगळ्यांना कळतो. मात्र मोबाइलच्या रेकॉर्डरमध्ये केलेले रेकॉर्डिंग बऱ्याचदा ‘एम४ए’ प्रकारचे असते आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा आवाजी संदेश ‘ओपस’ प्रकारचा. लग्नातील धवले कुणीतरी मोबाइलवर टिपले, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले आणि तुम्ही ते कार्डात टाकले, तर प्लेअर ते ओलांडून पुढे जातो.

इथे एक चूक सर्रास होते. फाइलच्या नावातील शेवटची अक्षरे बदलून तिथे ‘एमपी३’ लिहिले जाते. डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून डब्यातील तांदळाची डाळ होत नाही. फाइल ऑडॅसिटी किंवा व्हीएलसी यांसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घेऊन एमपी३ म्हणून नव्याने साठवावी लागते. मूळ फाइल मात्र पुसू नका, कारण प्रत्येक रूपांतरात आवाजाचा थोडा दर्जा जातो.

मॅक संगणकावरून गाणी भरली असतील, तर आणखी एक गंमत होते. मॅक प्रत्येक फाइलसोबत टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी एक छोटी जोडफाइल ठेवतो. प्लेअर तिलाही गाणे समजतो. म्हणून प्रत्येक गाण्यामागे एक ‘एरर’ येतो किंवा गाण्यांची संख्या दुप्पट दिसते. या जोडफाइल पुसल्या तरी गाण्यांना काही होत नाही.

क्रम का बिघडतो? भैरवी मंगलाचरणाआधी कशी येते?

अनेक स्वस्त प्लेअर नावांची वर्णमालेनुसार मांडणी करत नाहीत. नोंदवहीत ज्या क्रमाने नोंदी पडल्या, त्याच क्रमाने ते गाणी वाजवतात. म्हणजे जी फाइल आधी कॉपी झाली, ती आधी वाजते. संगणकावर यादी नीट दिसते, कारण संगणक ती दाखवण्याआधी क्रम लावून घेतो.

जे प्लेअर नावानुसार क्रम लावतात, त्यांच्यापैकी काहींत वेगळी अडचण येते. ते आकड्यांची किंमत न पाहता एकेक अक्षर ताडून पाहतात. त्यामुळे १ नंतर १० येतो आणि २ त्याच्या मागे जातो. उपाय दोन्हींसाठी एकच आहे. संगणकावर फाइलना ०१, ०२, ०३ असे दोन अंकी क्रमांक द्या. गाणी शंभरावर असतील तर ००१ पासून सुरुवात करा. हे आकडे इंग्रजी कळफलकावरचे ठेवा. मग कार्डवरील जुनी प्रत काढून फाइल त्याच क्रमाने एकेक करून कॉपी करा. कार्डवरच नुसते नाव बदलून क्रम सुधारेल, याची खात्री नसते. फाइल खूप असतील तर ‘फॅटसॉर्ट’सारखे मोफत साधन नोंदवहीतील क्रम लावून देते.

जागा शिल्लक असूनही कार्ड ‘भरले’ कसे?

हे जुन्या, २ जीबी किंवा त्याहून लहान कार्डांवर घडते. अशी कार्डे बहुधा ‘फॅट१६’ पद्धतीची असतात. त्यांच्या सर्वात बाहेरच्या पातळीवर, म्हणजे कोणत्याही फोल्डरच्या आत नसलेल्या जागी, साधारण ५१२ नोंदीच मावतात. पण ५१२ नोंदी म्हणजे ५१२ गाणी नव्हेत. लांब नावाच्या दर १३ अक्षरखुणांना एक स्वतंत्र नोंद लागते आणि शिवाय फाइलची मुख्य नोंद वेगळी. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी या प्रत्येकाची खूण वेगळी मोजली जाते. ४० खुणांच्या नावाला चार आणि एक अशा पाच नोंदी लागतात. म्हणजे सुमारे १०० गाण्यांतच वही भरते, कार्ड अर्धे रिकामे असले तरी!

त्यामुळे गाणी बाहेर मोकळी टाकू नका, फोल्डर करा. फोल्डरच्या आत ही मर्यादा लागू होत नाही. अर्थात, फोल्डरमध्ये फोल्डर असे सात-आठ थरही नकोत. एकूण किती फाइल, किती फोल्डर आणि किती थर वाचायचे याची मर्यादा प्रत्येक प्लेअरला असते. ती त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. एक थर फोल्डर आणि त्यात गाणी, ही रचना सर्वात सुरक्षित.

मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा चौकोन दिसत असतील, तर घाबरण्याचे कारण नाही. प्लेअरमध्ये देवनागरी अक्षरे दाखवण्याची सोय नसते, एवढाच त्याचा अर्थ. गाणे शाबूत असते. कार्डवरील प्रतीला रोमन अक्षरांत छोटे नाव द्या आणि मराठी नावाची मूळ प्रत संगणकावर ठेवा.

नवे, मोठे कार्ड घेतले तरी चालत नाही, असे का?

३२ जीबीपर्यंतची कार्डे साधारणपणे फॅट३२ पद्धतीची येतात. ६४ जीबी आणि पुढची कार्डे ‘एक्सफॅट’ पद्धतीची असतात. ही पद्धत २००६ मध्ये आली आणि जुन्या प्लेअरना ती कळत नाही. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२चा पर्याय वर्षानुवर्षे मिळत नव्हता. त्यामुळे अनेक जण इथेच अडकतात. सोपा मार्ग म्हणजे साध्या प्लेअरसाठी ३२ जीबी किंवा त्याहून लहान कार्डच घ्या. १२८ केबीपीएस दर्जाच्या एमपी३ हिशेबाने त्यात साडेपाचशे तासांचा आवाज मावतो.

फुटपाथवर किंवा ऑनलाइन सेलमध्ये अविश्वसनीय स्वस्त मिळणाऱ्या ‘५१२ जीबी’ कार्डांपासून सावध राहा. बनावट कार्ड आत लहान असते, पण संगणकाला मोठा आकडा सांगते. खरी जागा संपली की नव्या फाइल नुसत्या नावापुरत्या उरतात किंवा जुन्यांवर लिहिल्या जातात. सुरुवातीची गाणी वाजतात आणि नंतरची अडखळतात, हे त्याचे लक्षण. कार्ड नवे आणि रिकामे असतानाच विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ किंवा मॅक-लिनक्सवर ‘एफ३’ या मोफत साधनाने ते तपासून घ्या.

नोंदवही खरोखरच बिघडली असेल तर?

फाइल दिसत असतील तर आधी त्या कॉपी करा. मग ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, टूल्स आणि ‘एरर चेकिंग’ या वाटेने दुरुस्ती करा. दुरुस्तीनंतर ‘फाउंड’ नावाचा फोल्डर आणि त्यात ‘सीएचके’ प्रकारच्या फाइल दिसल्या तर त्या कचरा समजून पुसू नका. ती नाव हरवलेली गाणी असू शकतात. त्यांची प्रत घेऊन शेवटची अक्षरे एमपी३ केली, तर काही वाजतात. इथे नाव बदलणे चालते, कारण आतला माल मुळातच एमपी३ असतो.

फाइल दिसतच नसतील, तर ‘फोटोरेक’ हे मोफत साधन वापरता येते. नावात फोटो असले तरी ते आवाजाच्या फाइलही शोधते. ते नोंदवही बाजूला ठेवून थेट कार्डवरील मजकूर चाळते. त्यामुळे गाणी मिळतात, पण नावे मिळत नाहीत. सापडलेल्या फाइल त्याच कार्डावर नव्हे, संगणकावर साठवा. तुकड्या-तुकड्यांत साठवलेली फाइल अर्धवट मिळू शकते.

आणि दुकानात ‘फॉरमॅट’ झालेच असेल तर? ‘क्विक फॉरमॅट’ झाले असेल आणि नंतर काही भरले नसेल, तर आशा आहे. त्यात केवळ नवी कोरी नोंदवही लिहिली जाते. विंडोज व्हिस्टा आणि त्यापुढील आवृत्त्यांत पूर्ण फॉरमॅट मात्र संपूर्ण कार्डावर शून्ये लिहिते. त्यानंतर काही हाती लागत नाही. दुकानदाराला कार्ड देतानाच स्पष्ट सांगा, ‘दादा, आधी डेटा काढून द्या, फॉरमॅट नंतर बघू.’

२०१७ मध्ये आलेल्या ‘सारेगामा कारवाँ’सारख्या प्लेअरमधील कंपनीची गाणी आतल्या मेमरीत असतात. पेनड्राइव्ह बिघडला तरी ती जात नाहीत. धोका असतो तो तुम्ही पेनड्राइव्हवर भरलेल्या गाण्यांना.

पुन्हा अशी वेळ येऊ नये म्हणून काय करावे?

प्लेअर हे वाजवण्याचे यंत्र आहे, साठवण्याचे कपाट नव्हे. कार्ड चोरीला जाते, मोडते आणि वर्षानुवर्षे न वापरता ठेवले तर त्यातील विद्युतभारही हळूहळू ओसरतो. म्हणून घरच्या रेकॉर्डिंगच्या तीन प्रती हव्यात : एक संगणकावर, दुसरी वेगळ्या पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा नातेवाइकाकडे. हिशेब करून पाहा. १२८ केबीपीएस दर्जाने ६० मिनिटांची एक कॅसेट सुमारे ५८ एमबी होते. अशा २० कॅसेट सव्वा जीबीच्या आत बसतात. गुगल खात्यासोबत १५ जीबी जागा मोफत मिळते.

फाइल वाचवण्याइतकेच महत्त्वाचे आहे ते तिचे नाव. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावर त्यांतील अनेक आज ऐकता-वाचता येतात. ओवी कुणी गायली आणि कोणत्या गावात गायली, ही नोंद सोबत असल्यामुळेच तो ठेवा उपयोगाचा ठरला. ‘ट्रॅक ०७’ या नावाची फाइल वीस वर्षांनी घरातही कुणाला ओळखू येणार नाही. ‘शिरवणे, हळदीचे धवले’ आणि त्यापुढे गाणाऱ्या बाईचे नाव व साल, एवढे लिहायला एक मिनिट लागते. धवले पाठ असलेल्या बाया आज घरात आहेत, तोवर त्यांना विचारून हे लिहून घ्या. हरवलेली फाइल शोधून देणारे सॉफ्टवेअर आहे, पण आवाज कुणाचा हे त्याला सांगता येत नाही.