भाकरीचे पैसे पगारात धरायचे की नाही?

जामखेडच्या बसस्थानकावरून संध्याकाळी मुक्कामी गाडी निघते तेव्हा चालक आणि वाहक दोघांच्याही हातात घरचा डबा असतो. रात्री खेड्यात गाडी लावायची, डबा सोडायचा, गाडीतच आडवे व्हायचे आणि पहाटे पहिल्या फेरीला उभे राहायचे. या रात्रीचा म्हणून जो भत्ता मिळतो त्याला एसटी कामगार पगार म्हणत नाही. घराबाहेर राहावे लागते म्हणून जो जादा खर्च होतो त्याची ती भरपाई आहे, असेच तो म्हणतो, आणि त्याचे म्हणणे बरोबर आहे.

आता त्याच गावात नगर-बीड रस्त्याला उभ्या असलेल्या ट्रकच्या चालकाला विचारा. त्याचे उत्तर वेगळे येईल. उदाहरणासाठी आकडे धरू. महिना पगार आठ हजार आणि रोजचा भत्ता, म्हणजेच खुराकी, चारशे रुपये. महिन्याचे बारा हजार झाले. कामावर ठेवताना मालक सांगतो, 'वीस हजार पडतील.' चालक धाब्यावर एक वेळ जेवतो, दुसऱ्या वेळी चहा-बिस्किटावर भागवतो आणि वाचलेली खुराकी घरी पाठवतो. त्याच पैशावर पोरांची शाळा चालते. पण भविष्य निर्वाह निधी कापायची वेळ आली की मालकाच्या तोंडी आठ हजार. घाटात गाडी कोसळून चालक गेला की विमा कंपनीच्या वकिलाच्या तोंडीही आठ हजारच. बाकीचे तर जेवणाचे पैसे होते ना! जिवंत असताना जो पगार होता तो मेल्यावर खर्च कसा होतो?

हा फरक किती रुपयांचा आहे ते पाहा. १९२३ च्या भरपाई कायद्यानुसार कामावर मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणत असत. पस्तीस वर्षांच्या माणसासाठी हा आकडा १९७.०६ आहे. वेतन आठ हजार धरले तर भरपाई ७,८८,२४० रुपये. २०२० पासून हिशेबासाठी वेतनाची मर्यादा पंधरा हजार झाली. भत्ता मिळवून ती गाठली तर १४,७७,९५० रुपये. विधवेच्या पदरात पडणारे जवळपास सात लाख रुपये एका शब्दावर अवलंबून आहेत.

भाकर देऊन पगार चुकवण्याची ही रीत आपल्या समाजाला नवी नाही. महार वतनदाराने सरकारी टपाल घेऊन तालुक्याला जायचे, साहेबांच्या घोड्यापुढे धावायचे, तो नसेल तर घरच्या कोणीही जायचे. मोबदला काय? तुटपुंजी वतनी जमीन, बलुते आणि दारोदारची भाकर. राबवून घेणार सरकार आणि पोट भरणार गाव, तेही उपकार म्हणून! बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच गोष्टीवर बोट ठेवून. बलुत्याचे रोख पैशात रूपांतर करा आणि ते सरकारमार्फत द्या, ही त्यांची मागणी होती. भाकर कोणीही, कधीही बंद करू शकतो. ठरलेले वेतन मात्र हक्काने मागता येते.

मजूर मंत्री असताना बाबासाहेबांनी एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक केंद्रीय कायदे मंडळात मांडले. १९४८ साली कायदा झाला. त्यात प्रवास भत्ता आणि कामामुळे येणारा विशेष खर्च वेतनातून वगळलेला आहे. ही वगळणूक कामगाराच्या फायद्याची होती, कारण तिच्यामुळे गाडीभाडे आणि जेवण दाखवून 'किमान वेतन दिले' असे मालकाला म्हणता येत नव्हते. गंमत अशी, की भत्त्यांचे असे वगळणे १९२३ च्या भरपाई कायद्यात आधीपासूनच होते, ग्रॅच्युइटीच्या कायद्यातही आले, आणि तिथे ते कामगारावर उलटले.

विमानाचे पायलटही यातून सुटलेले नाहीत, मग ट्रकवाल्याची काय कथा? २०२० मध्ये एअर इंडियाने पायलटांच्या उड्डाण भत्त्यासह भत्त्यांत चाळीस टक्के कपात केली, तेव्हा मूळ पगाराला हात लावला नाही. त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग भत्त्यातच होता. एसटी कामगारांनी हे ओळखले होते. २०२१ च्या संपात सरकारने वाढ जाहीर केली ती मूळ वेतनात, सेवेप्रमाणे पाच, चार आणि अडीच हजार. सप्टेंबर २०२४ मध्ये साडेसहा हजारांची वाढही मूळ वेतनातच. महागाई भत्ता त्याच पायावर मोजतात.

न्यायालयांनी काही दारे उघडली आहेत. ओडिशातील एका चालकाच्या वारसांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये चार हजार पगार आणि सहा हजार भत्ता मिळून दहा हजार वेतन धरले. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले, की सर्वांना सरसकट दिला जाणारा भत्ता निर्वाह निधीसाठी मूळ वेतनच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरची रक्कम वेतनात मिळवायची. वरच्या उदाहरणात वेतन आठचे दहा हजार होईल. निम्मे तरीही बाहेरच राहते, आणि मालकांचे हिशेबनीस आता बरोबर त्या निम्म्यापर्यंत भत्ते आणून ठेवतील, हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून आमचे म्हणणे असे. खरोखरच्या खर्चापुरता मुक्काम भत्ता असेल तर तो पगारात धरू नका, उलट आजच्या धाब्याच्या दराने पूर्ण द्या आणि तो दाखवून पगार कमी करू नका. पण जो भत्ता रोज, ठरलेल्या दराने, बिल न मागता मिळतो आणि पगारापेक्षा मोठा आहे, तो पगारच आहे. निधीत धरा, ग्रॅच्युइटीत धरा, भरपाईत धरा.

आपल्या ट्रकचालक बांधवांना मात्र कायदा बदलेपर्यंत थांबण्याची गरज नाही. खुराकी बहुतेक रोख मिळते, कागद काहीच नसतो, आणि कोर्टात पहिला प्रश्न पुराव्याचाच येतो. ती खात्यावर मागा. मालक देत नसेल तर खिशातल्या डायरीत तारीख, फेरी आणि रक्कम लिहून महिन्याला त्याची सही घ्या. आणि ती डायरी गाडीत ठेवू नका, घरी बायकोजवळ ठेवा.