प्रोसेसर घेताना आधी सॉकेट बघा

वर्कस्टेशन घरी जोडायचं म्हटलं की चर्चा हल्ली एक्स८६ घ्यावा की आर्म, इथूनच सुरू होते. नोव्हेंबर २०२०मध्ये ॲपलने एम१ आणला, तोवर हा प्रश्न फारसा कुणाला पडत नव्हता. आर्म म्हणजे मोबाइलमधली चिप, एवढंच बहुतेकांना ठाऊक होतं. पंखा नसलेल्या मॅकबुक एअरमध्ये बसून एम१ने भल्याभल्या डेस्कटॉपच्या तोडीचं काम करून दाखवलं आणि तेव्हापासून एक समज घट्ट झाला: एक्स८६ जुनाट आणि उधळा, आर्म नवा आणि काटकसरी. हा समज अर्धाच खरा आहे. त्यावर विसंबून खरेदी करणारा, पुढची अनेक वर्षं ज्या गोष्टीशी त्याची गाठ पडणार आहे, तीच तपासायची विसरतो. ती गोष्ट म्हणजे प्रोसेसरभोवतीची व्यवस्था: सॉकेट, मदरबोर्ड, रॅम, कार्डांचे स्लॉट आणि फर्मवेअर.

आधी वेगाचा मुद्दा घेऊ. एक्स८६ची परंपरा इंटेलच्या १९७८च्या ८०८६पासून चालत आली आहे. त्याची एक सूचना १ बाइटचीही असते आणि १५ बाइटचीही. आर्मचा पहिला प्रोसेसर १९८५मध्ये केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी घडवला. त्याच्या आजच्या ६४-बिट रूपात प्रत्येक सूचना नेमकी ४ बाइटची असते. पुढची सूचना कुठे सुरू होते ते आधीच माहीत असल्याने एम१ एका फटक्यात आठ सूचना उलगडतो. एक्स८६ला मात्र प्रत्येक सूचनेची लांबी आधी शोधावी लागते. ही आर्मची खरी जमेची बाजू आहे. पण १९९५च्या पेंटियम प्रोपासून इंटेलचे मुख्य प्रोसेसरही आलेल्या सूचनेचे आत लहान, एकसारखे तुकडे करूनच काम करतात. आता तर हे तुकडे वेगळ्या कॅशमध्ये साठवले जातात, त्यामुळे तेच काम पुन्हा आलं की उलगडण्याची मेहनत वाचते. २०१३मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी दोन्ही घराण्यांच्या प्रोसेसरांची मोजणी केली, तेव्हा वेग आणि वीज यांतला फरक सूचनासंचामुळे नव्हे, तर चिपच्या रचनेमुळे आणि ती कशासाठी बनवली यामुळे पडतो, असंच त्यांना आढळलं. एम१चं यशही असंच आहे: टीएसएमसीची ५ नॅनोमीटरची प्रक्रिया, भलीमोठी कॅश, चिपला खेटून बसवलेली मेमरी आणि क्लॉकचा बेताचा वेग.

उलट एक्स८६ची खादाड वृत्ती पुष्कळशी लादलेली आहे. रायझन ९ ७९५०एक्स पूर्ण भारावर २३० वॅटपर्यंत जातो, कोअर आय९-१३९००के २५३ वॅटपर्यंत. चाचण्यांच्या तक्त्यात चार टक्के वर दिसावं म्हणून क्लॉक ताणलेला असतो, आणि शेवटच्या त्या थोड्या वेगासाठी विजेचा वापर भरमसाट वाढतो. बायॉसमध्ये जाऊन त्याच रायझनला इको मोडवर ठेवा. वीज निम्म्याखाली येते आणि काम त्या प्रमाणात मुळीच मंदावत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात, यूपीएसवर मशिन चालवणाऱ्याने ही एक सेटिंग आधी बदलावी.

आता त्या व्यवस्थेकडे वळू. १९८१च्या आयबीएम पीसीत इंटेलचा ८०८८ होता. आयबीएमला एकाच पुरवठादारावर विसंबायचं नव्हतं, म्हणून इंटेलने एएमडीला परवाना दिला. कॉम्पॅकने आयबीएमच्या बायॉसची नक्कल न करता, पण अगदी तसाच वागणारा बायॉस लिहून घेतला, आणि कुणाचाही बोर्ड कुणाच्याही कार्डाशी जुळू लागला. पुढे इंटेलने ६४-बिटसाठी इटेनियमचा वेगळाच रस्ता धरला. एएमडीने २००३मध्ये ऑप्टेरॉन आणून जुन्या सूचनासंचालाच ६४-बिट केलं, आणि वर्षभरात इंटेललाही त्याच मार्गाने यावं लागलं. म्हणूनच आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कुठल्याही दुकानातून बोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड वेगवेगळ्या कंपन्यांचं उचललं तरी मशिन सुरू होतं. आपल्यावर काय काय जोडलंय ते बोर्डच ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो. आर्मच्या बहुतेक छोट्या बोर्डांवर ही माहिती प्रत्येक बोर्डासाठी वेगळी लिहून द्यावी लागते. एका बोर्डाची सिस्टिम दुसऱ्यावर चालेलच असं नाही. आणि सॉकेट टिकला तर काय होतं, हे एएमडीच्या एएम४ने दाखवलं. २०१७मध्ये घेतलेल्या अनेक बोर्डांवर २०२२चा, ९६ एमबी एल३ कॅशचा रायझन ७ ५८००एक्सथ्रीडी नुसत्या बायॉस अपडेटने बसला. बोर्ड तोच, रॅम तीच.

यावर कुणी म्हणेल, मॅकमध्ये हे सगळं नसलं तरी काय बिघडलं? मॅक प्रोकडे बघा. २०१९च्या इंटेलवाल्या मॅक प्रोत १.५ टीबीपर्यंत रॅम घालता येत होती आणि ग्राफिक्स कार्डही. २०२३च्या मॅक प्रोची पेटी जवळजवळ तशीच, आत स्लॉटही आहेत. पण रॅम खरेदीच्या वेळी ठरेल तेवढीच, फार तर १९२ जीबी, आणि ग्राफिक्स कार्ड चालत नाही. मात्र ज्याला मोठी भाषा-मॉडेलं घरीच चालवायची आहेत, त्याच्या बाबतीत माझा आग्रह ढिला पडतो. या मॅक प्रोतल्या एम२ अल्ट्राची मेमरी सेकंदाला ८०० जीबी पुरवते. दोन चॅनेलची डीडीआर५-५६०० रॅम ९० जीबीच्या आतच राहते. ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत न मावणारं मॉडेल असेल, तर तिथे मॅक खरोखर उजवा आहे.

सॉकेटवाला आर्मही मिळतो. अँपिअर कंपनीचा ऑल्ट्रा बोर्डावर बसवता येतो, पण तो सर्व्हरसाठी घडवलेला आहे. कोअर भरपूर, प्रत्येक कोअर मात्र संथ. रिस्क-फाइव्हचं आकर्षण त्याहून मोठं आहे: सूचनासंच मोकळा, परवान्याची गरज नाही, आणि आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ व सी-डॅकचा ‘वेगा’ त्यावरच उभे आहेत. ज्या सी-डॅकने १९९१मध्ये पुण्यात परम ८००० हा महासंगणक उभा केला, तिच्या प्रोसेसरवर घरचं वर्कस्टेशन चालावं, असं मलाही मनापासून वाटतं. आज ते शक्य नाही.

राहिला सॉफ्टवेअरचा मुद्दा. आर्मवरचं विंडोज जुने प्रोग्रॅम रूपांतर करून चालवतं, ड्रायव्हर मात्र नाही. डाँगल लावून चालणारं जुनं मराठी डीटीपी सॉफ्टवेअर, जुना स्कॅनर, छपाईची जुनी यंत्रं यांचा आर्मसाठीचा ड्रायव्हर कंपनीने काढलाच नसेल, तर अख्खं काम अडतं.

म्हणून माझा कौल एक्स८६ला, आणि त्यातही तूर्त एएमडीच्या एएम५ला. इंटेलने २०२१चा एलजीए १७०० सॉकेट २०२४मध्ये बदलला. एएम५वर निदान २०२७पर्यंत नवे प्रोसेसर देण्याचं एएमडीने जाहीर केलं आहे. बोर्ड घेताना ईसीसी, म्हणजे चुका पकडून दुरुस्त करणारी, रॅम चालते का, तेवढं दुकानदाराला न विचारता बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या.