सायकल गेली... आता काय?

चिपळूणहून कराडकडे निघालं की कुंभार्ली घाट चढायच्या आधी पोफळी लागतं. डोंगराच्या पोटात कोयनेचं वीजगृह आणि बाहेर प्रोजेक्टची कॉलनी. माझं बालपण तिथलं. आमच्याकडे सायकल व्हरांड्यात भिंतीला टेकवायची, एवढाच काय तो बंदोबस्त! कुणी नेलीच तर "धाकटा दुकानात घेऊन गेलाय" असा निरोप मागोमाग यायचा.

याच सवयीने मी इंजिनीअरिंगला आले. सेकंड इयरला हॉस्टेलची सीट मिळाली नाही, म्हणून आम्ही चौघींनी मिळून फ्लॅट भाड्याने घेतला. कॉलेजला जायला ३,२०० रुपयांची सेकंडहँड सायकल घेतली आणि तिसऱ्याच महिन्यात सबमिशनच्या आदल्या दिवशी ती गेली! त्या वेळी काय काय चुकलं आणि काय करायला हवं होतं, ते आज लिहिते आहे. (शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.)

भाड्याच्या घरातून सायकल का जाते?

कारण पार्किंग सगळ्यांचं, म्हणजे कुणाचंच नाही. गेटच्या किल्ल्या किती जणांकडे आहेत हे घरमालकालाही ठाऊक नसतं. गेल्या वर्षीची मुलं किल्ली परत न देताच निघून जातात. दूधवाले, पेपरवाले, पार्सलवाले, मित्रांचे मित्र, सतत ये-जा चालू. एखादी व्यक्ती सायकल घेऊन बाहेर पडली, तर "असेल कुणीतरी नवीन" म्हणून आपण बघतसुद्धा नाही.

त्यात सायकलला ना आर.सी., ना नंबरप्लेट. मोटार वाहन कायदा तिला लागूच होत नाही. पूर्वी नगरपालिका सायकलवर कर घेऊन बिल्ला द्यायच्या, तेही आता राहिलं नाही. म्हणजे सायकल आपली आहे हे आपणच सिद्ध करायचं.

कुलपाचं थोडं इंजिनीअरिंग

माझ्या सायकलला मागच्या चाकाचं रिंग लॉक होतं. हे लॉक चाक फिरू देत नाही, पण सायकल उचलू देतं! तेव्हा पहिला नियम, सायकल हलणार नाही अशा वस्तूला बांधा. लोखंडी ग्रिल किंवा जमिनीत पक्का केलेला पाइप चालेल. पावसाच्या पाण्याचा पी.व्ही.सी. पाइप अजिबात नको. साखळी फ्रेमच्या त्रिकोणातून आणि चाकातून, दोन्हींतून गेली पाहिजे. फक्त पुढचं चाक बांधलंत, तर सकाळी फक्त पुढचं चाकच शिल्लक राहील.

नंबरवालं कुलूप सोयीचं खरं, पण हिशोब करा. तीन आकडे म्हणजे १,००० जोड्या. एका जोडीला दोन सेकंद धरले तरी २,००० सेकंद, म्हणजे साधारण ३३ मिनिटांत सगळ्या संपतात. चार आकडे घेतले की दहापट वेळ लागतो. साखळीचंही तसंच. कडीची जाडी ६ मि.मी.वरून १२ मि.मी. केली की क्षेत्रफळ चौपट, आणि ती तोडायला लागणारा जोरही साधारण तेवढाच वाढतो. एस.ओ.एम.चा पेपर संपला तरी उपयोग संपत नाही, तो असा! कोणतंच कुलूप अभेद्य नाही. चोराला जास्त वेळ लागावा आणि जास्त आवाज व्हावा, एवढंच आपल्या हातात.

आपल्या कोकणातल्या मुलांसाठी खास सूचना : पावसाळ्यात कुलपं गंजतात, मग "उद्या तेल घालू" म्हणून ती नुसतीच अडकवून ठेवली जातात. कुलपाचं भोक खाली तोंड करून ठेवा आणि महिन्यातून एकदा दोन थेंब मशीन ऑइल सोडा.

आजच करायची कामं

सायकल उलटी करा. पायडलच्या आसाखाली किंवा सीटखालच्या नळीवर फ्रेम नंबर कोरलेला असतो. तो लिहून घ्या. सायकलचे दोन फोटो काढा, बिल जपून ठेवा. सेकंडहँड घेताना विकणाऱ्याकडून फ्रेम नंबरासह सही केलेला कागद घ्या. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असूनही घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. स्वस्तात मिळाली म्हणून खूश होऊ नका.

फ्लॅटमध्ये सगळ्यांनी मिळून तीन गोष्टी ठरवा. शेवटी येणाऱ्याने गेट लावायचं. कुणी सोडून गेलं की गेटचं कुलूप बदलायचं. आणि सुट्टीत घरी जाताना सायकल वर, खोलीत ठेवायची. सायकल कुठे ठेवायची हे घरमालकाशी करारातच लिहून घेतलं तर उत्तम.

गेलीच तर?

आधी रूममेट्सना विचारा, कुणी सांगून-न सांगून नेली असेल. नसेल तर लगेच पोलिसांत जा. इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांत ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र धरली आहे. तिची एन.सी. होते आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. माझ्या ३,२०० च्या सायकलचं हेच झालं. पण माणसं राहतात त्या इमारतीच्या आतून चोरी झाली असेल तर कलम ३०५ आहे, आणि ते जास्त कडक आहे : सात वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणून सायकल नेमकी कुठून गेली, जिन्याखालून की बाहेरच्या रस्त्यावरून, हे तक्रारीत स्पष्ट लिहा. एफ.आय.आर. झाला तर त्याची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

मग आसपासची सायकलची दुकानं, भंगारवाले, जुन्या वस्तू विकायच्या साइट्स बघा. सायकल दिसली तर एकट्याने भांडायला जाऊ नका. ११२ ला फोन करा.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं

सायकल गेली त्या सकाळी मी रागाच्या भरात सगळ्यांसमोर म्हणाले, "वॉचमन काकांच्या पुतण्यालाच माहीत असणार!" तो आदल्या दिवशी त्यांना भेटायला आला होता, एवढाच पुरावा. दोन दिवसांनी माझी रूममेट रडत म्हणाली, "अगं, त्या रात्री मी उशिरा आले आणि गेट लावायचं विसरले." मी काकांची माफी मागितली. ते एवढंच म्हणाले, "बाळा, आधी विचारायचं होतंस." पुतण्या मात्र पुन्हा बिल्डिंगमध्ये आला नाही.

२०१८ साली आलेला प्रकाश कुंटे यांचा 'सायकल' हा सिनेमा बघा. कोकणातल्या एका माणसाची सायकल दोन चोर नेतात, त्याची गोष्ट. तो बघताना मला सायकलपेक्षा त्या पुतण्याचीच आठवण येत होती.

माझी सायकल काही मिळाली नाही. नवी घेतली आहे, फ्रेम नंबर वहीत आहे, साखळी १२ मि.मी.ची आहे. पण कुणाचं नाव घ्यायच्या आधी आता मी गेट बघते.